शेळीची म्हणून आणलेली बाटली

दसऱ्याला चार दिवस राहिले होते. तात्या दवाखान्यात आले आणि त्यांनी माझ्या टेबलावर खोकल्याच्या औषधाची बाटली ठेवली. औषध कधीच संपलं होतं, बाटली राखेनं घासून धुतलेली होती आणि आत दोन बोटं लालसर पाणी होतं.

"काळ्या शेळीचं हाय," ते म्हणाले. "लाल मुतायलीय. निघायच्या आदी काईतरी दे."

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांच्याकडे मेंढरांची खांड आहे, सोबत पाच-सहा शेळ्या आणि एक कुत्रा. दिवाळी झाली की ते खांड घेऊन निघतात, दिंद्रुडच्या शिवारातून पुढं गंगथडीला, म्हणजे गोदावरीच्या काठाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. मधले सहा-सात महिने त्यांचा पत्ता म्हणजे ज्याच्या रानात मेंढरं बसली असतील ते रान. त्यामुळे निघण्याआधी लसी, जंताचं औषध, खुरं कापणं, सगळं उरकायची त्यांची घाई असते.

मी जनावरांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. या वर्षात काही महिने एखाद्या दवाखान्यात काम करावं लागतं. मला वडवणीजवळचा एक छोटा दवाखाना मिळाला, आमच्या गावापासून एसटीनं अर्ध्या तासावर. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. मी नक्की काय शिकते हे घरात कुणाला नीट सांगता येत नाही. मोठीआई, म्हणजे तात्यांची बायको, बाजारात कुणी विचारलं की म्हणते, "मेंढरायची डाक्टरीन व्हायलीय." हे ऐकून बायका हसतात आणि मीही हसते. पण खरं सांगायचं तर ते ऐकायला मला आवडतं.

दवाखान्यात एक सूक्ष्मदर्शक होता. आमचे साहेब हातानं आणि नाकानं निदान करणारे. जनावराच्या कानाला हात लावून ताप सांगायचे, त्यामुळे सूक्ष्मदर्शक बिचारा कपाटावर फडक्याखाली बसून असायचा. मी आल्यावर त्याच्या काचा पुसल्या आणि तो खिडकीपाशी मांडला. रोज पुसायचेही. साहेब एकदा म्हणाले, "मॅडम, हळद-कुंकू पण वाहा आता."

तर ती बाटली आली आणि मला मनातून आनंद झाला. शेळीचं वाईट चिंतून नव्हे. पण इतके दिवस मी लसी टोचत होते आणि रजिस्टर भरत होते. आता पहिल्यांदा कुणीतरी मला काहीतरी ओळखायला आणून दिलं होतं.

"शेळी का नाही आणली?" साहेबांनी तात्यांना विचारलं.

"रानात हाय की. एवढ्या लांबून कावून चालवत आणू? कशापायी?"

"खाते का?"

"लई खाती."

साहेबांनी बाटली उजेडात धरली, मग माझ्याकडे दिली. "बघ काय ते. गोचिडाचा ताप असेल नाहीतर खडा."

तात्या गेले. मी बाटलीतलं पाणी काचेच्या नळीत ओतलं आणि नळी उभी करून ठेवली. ही आम्हाला कॉलेजात शिकवलेली सगळ्यात सोपी तपासणी. गोचिडाच्या तापात रक्ताच्या पेशी अंगातच फुटतात, मग लघवी वरपासून खालपर्यंत चहासारखी एकसारखी दिसते आणि कितीही वेळ ठेवली तरी तशीच राहते. पण रक्त जर मूत्राशयात सांडत असेल, तर पेशी सबंध असतात आणि तळाला बसतात. मी दोन गाईंना इंजेक्शन देऊन परत आले तर नळीत वर पिवळं पाणी आणि खाली लाल गाळ.

म्हणजे ताप नव्हता. आत कुठंतरी रक्त गळत होतं.

तळातला एक थेंब काचेवर घेऊन मी भिंगाखाली ठेवला आणि बघतच राहिले. रक्ताच्या पेशी होत्या, पण फार मोठ्या. पाळीव जनावरांत शेळीच्या तांबड्या पेशी सगळ्यात लहान असतात, हे मी परीक्षेत लिहून दोन गुण मिळवले होते. पण पाठ असणं वेगळं आणि डोळ्याला खात्री पटणं वेगळं. बाहेर एक बाई पाय मुरगळलेली शेळी घेऊन बसली होती. मी तिला विचारून शेळीच्या कानातून एक थेंब रक्त घेतलं आणि तेही शेजारी लावलं. एका काचेवर मोहरी आणि एका काचेवर तूर, इतका फरक!

"साहेब, ही शेळीची नाही."

"लघवीत पेशी फुगतात," साहेब जागेवरूनच म्हणाले. "पाणी शोषून घेतात. घाई करू नको."

बरोबर होतं त्यांचं. मी खट्टू झाले. मग आठवलं आणि कागदाची पट्टी बुडवली. पाला खाणाऱ्या जनावराची लघवी चुनखडीच्या पाण्यासारखी, अल्कलीच्या बाजूची असते. पट्टीचा रंग मात्र आम्लाकडं गेला. ताजी लघवी, पोटभर खाणारी शेळी, आणि आम्ल? मी पट्टी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. आता ते उठले, चष्मा वर सरकवून त्यांनी दोन्ही काचा पाहिल्या.

"कुत्र्याचं भरलं वाटतं तुझ्या काकानं," ते म्हणाले.

पुढं जे दिसलं ते मी पुन्हा पुन्हा पाहिलं. रक्ताची काच तपासताना वापरायचा रंग मी तळातल्या गाळाला दिला होता. त्यात रक्तपेशींशिवाय दुसऱ्या पेशींचे घोस होते. मूत्राशयाच्या आतल्या अस्तराच्या पेशी एकट्या-दुकट्या झडत असतात, ते नेहमीचंच. पण या एकमेकींना चिकटून, दाटीवाटीनं, द्राक्षांच्या घडासारख्या आल्या होत्या. वाईट आहेत का ते मला सांगता येईना. केंद्रकं थोडी मोठी वाटत होती, पण खूप वेडीवाकडी नव्हती. साहेबांनाही सांगता येईना. तरी आत अस्तरावर काहीतरी वाढलं असावं, अशी शंका घ्यायला एवढं पुरेसं होतं.

कॉलेजात आमच्या सरांनी एकदा दोन काचा लावल्या होत्या. एक कुत्र्याच्या मूत्राशयातल्या गाठीची आणि एक माणसाच्या. लेबलं चिकटपट्टीनं झाकून ते म्हणाले, कुठली कुणाची सांगा. वर्गातल्या एकालाही सांगता आलं नाही. सर म्हणाले, अस्तर एकच, त्याच्या चुकाही एकच. तेव्हापासून तो विषय माझ्या डोक्यात घर करून होता. गाठीला दोन प्रश्न विचारायचे असतात. एक, तिच्या पेशी मूळच्या पेशींपासून किती बिघडल्यात. दुसरा, ती किती खोल गेलीय. अस्तरावरच आहे, खालच्या थरात उतरलीय, की भिंतीच्या स्नायूत घुसलीय. या दोन उत्तरांवर सगळं ठरतं. आणि तसलं काहीतरी बहुतेक आज माझ्या भिंगाखाली होतं, कॉलेजची काच नव्हे, आमच्या स्वतःच्या कुत्र्याची!

चारच्या गाडीनं मी गावी आले आणि घरी न जाता तशीच रानात गेले. तात्यांची मेंढरं सोयाबीन काढलेल्या रानात होती.

"तात्या, ती बाटली शेळीची न्हाई!" मी बांधावरूनच ओरडले.

ते दचकले. "कावून?"

मी त्यांना सगळं सांगितलं. नळी, मोहरी आणि तूर, पट्टीचा रंग. "कुत्र्याचं भरलंय का तुमी चुकून?"

तात्यांनी बाभळीखाली पडलेल्या कुत्र्याकडं पाहिलं. "आसंल," ते म्हणाले. "कुत्र्याचंच आसंल."

कुत्र्याची लघवी कुणी बाटलीत कशी धरेल, हा साधा प्रश्न माझ्या मनात आला नाही. मी बांधावर बसले, काडी घेतली आणि मातीत मूत्राशय काढलं. ही पिशवी. हे आतलं अस्तर. हा मांसाचा थर. मी तात्यांना सांगू लागले की माणूस असो की कुत्रं, हे अस्तर एकच असतं आणि गाठही तशीच वाढते. तात्या बिडी ओढत ऐकत होते. इतक्या वर्षांत माझ्या अभ्यासातलं इतकं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असेल.

"मंग कुत्र्याला काय व्हतंय पुढं?" त्यांनी विचारलं.

"कुत्र्यात बहुतेक वेळा वाईट जातीचीच निघते," मी म्हणाले. "पिशवीच्या तोंडाशी बसते आणि सापडेपर्यंत मांसात शिरलेली असते. औषधानं थोडे महिने बरे जातात. वर्ष काढलं तर लई झालं."

हे मी हसत सांगितलं. लिहितानासुद्धा मला त्याची लाज वाटते. मी कुत्र्यावर हसत नव्हते, मला एवढं सगळं येतंय या आनंदात होते.

तात्यांनी बिडी दगडावर विझवली. अजून अर्धी शिल्लक होती. "आन मानसाला झालं तर?"

"माणसात..." मी सुरुवात केली आणि त्यांच्याकडं पाहिलं. ते कुत्र्याकडं बघत नव्हते. मातीत काढलेल्या चित्राकडं बघत होते.

"तात्या, बाटली कुणाची हाय?"

"मेंढरं वळव तिकडची. कापसात शिरायलीत."

मी मेंढरं वळवून आले. तोवर त्यांनी काय बोलायचं ते ठरवलं असावं. माझ्याकडं न बघता, काठीनं माती उकरत त्यांनी सांगितलं. उन्हाळ्यात एकदा लाल झालती. दुखलं नाही, जळजळ नाही. त्यांना वाटलं उन्हाळी लागली. रानात चालणाऱ्या माणसाला ती लागतेच. धने-जिऱ्याचं पाणी प्यायले, दोन दिवसांत साफ झाली. आखाडात परत झाली, परत धन्याचं पाणी, परत साफ. आता तिसऱ्यांदा.

"दुखलं आस्तं तर गेलो आस्तो की दवाखान्यात," ते म्हणाले. "धन्यानं गुन येत व्हता."

धन्यानं गुण येत नव्हता. असलं रक्त आपोआप येतं आणि आपोआप थांबतं, म्हणूनच ते फसवतं. पण ते मी त्या वेळी बोलले नाही.

"मला कावून न्हाई सांगितलं?"

"तुला कसं सांगावं? पोरीची जात." मग म्हणाले, "शेळीचं मनलं की तू बघशील, आसं वाटलं. जनावराचं वळखतीस, मंग मानसाचं बी वळखशील. शेळीचं जे आवशिद देशील ते घेतलं आस्तं म्या."

मला रडू आलं आणि रागही आला. त्यांच्या वजनाला शेळीचा डोस! मी म्हणाले, उद्याच्या उद्या बीडला जायचं. ते म्हणाले, नाही.

"वर्षभर हाय ना? मंग मेंढरं घेऊन जातो. दवाखान्यात पडून कावून मरू?"

"तात्या, ते मी कुत्र्याचं सांगितलं! माणसाचं येगळं आस्तं!"

"आत्ताच तर मनलीस एकच आस्तंय."

मीच म्हणाले होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं बोलणं इतकं मन लावून ऐकलं होतं आणि त्यातलं नको ते नेमकं धरलं होतं. मी काडी परत उचलली. बांधावर हराळी होती आणि शेजारी तरोटा उगवला होता.

"हे दोन्ही तणच ना?" मी म्हणाले. "तरोटा उपटा."

त्यांनी उपटला. मुळासकट हातात आला.

"आता हराळी उपटा."

"ती येतीय व्हय अशी? तिचं मूळ पार खाली जातंय."

"कुत्र्याला बहुतेक वेळा हराळी होते," मी म्हणाले. "माणसाला बहुतेक वेळा तरोटा. दोन्ही तणच. पण कुठलं हाय ते उपटून बघितल्याशिवाय मला काय, मोठ्या डॉक्टरला बी सांगता येत न्हाई."

"आन हराळी निघाली तर?"

"तर तिचा येगळा इलाज. पण आधी बघायचं."

त्यांनी हातातला तरोटा बराच वेळ फिरवला. मग म्हणाले, "तुझ्या मोठीआईला सांगू नको."

मी सांगितलं. त्याच संध्याकाळी, चुलीपाशी. मोठीआई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. मला वाटलं ती रडेल. ती उठून दारात गेली आणि अंगणात पाय धुणाऱ्या तात्यांना म्हणाली, "म्या म्हनलं खोकल्याची बाटली गेली कुटं! शेळीच्या नावानं न्हेली व्हय? त्या मुक्या जित्राबाला इचारलं तरी का, तुजं नाव घेऊ का म्हणून?"

"हळू बोल की."

"कावून हळू? गावात समदे शेळीलाच नावं ठेवतेन, तुमाला कोन म्हनतंय?" मग ती आत आली, भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडं पाठ करून म्हणाली, "सकाळची पहिली गाडी किती वाजता हाय?"

बीडला एका खासगी दवाखान्यात लघवीच्या विकारांचे डॉक्टर होते. कमी बोलणारे. त्यांनी तात्यांना विचारलं, बिडी किती? तात्या म्हणाले, "थोडी." मोठीआई म्हणाली, "दिसाला दोन कट्टे." डॉक्टरांनी मोठीआईचं लिहून घेतलं.

सोनोग्राफीत पडद्यावर मूत्राशय काळं दिसतं, पाण्यानं भरलेल्या विहिरीसारखं. त्या काळ्या पाण्यात एका बाजूच्या भिंतीवरून एक पांढुरकं बोंड लोंबत होतं. मी खुर्चीतून अर्धी उठले. चार वर्षं पुस्तकात पाहिलेली गोष्ट ती, आणि ती होती तात्यांच्या पोटात. काय वाटावं हे मला कळेना. भीतीही वाटत होती आणि त्याच वेळी डोकं भराभर चालत होतं. बोंडाला देठ आहे का? असेल तर बरं. भिंत त्याच्या बुडाशी जाड झालीय का? नसेल तर बरं.

दसरा झाल्यावर दोन दिवसांनी डॉक्टरांनी दुर्बिणीतून ती गाठ खरवडून काढली. बाहेर येऊन म्हणाले, "निघाली सगळी. खालच्या स्नायूचा तुकडाही घेतलाय. आता तपासणीत काय येतं ते बघू." गाठीचे तुकडे तपासणीच्या प्रयोगशाळेत गेले, दोन गल्ल्या सोडून.

मी तिथं गेले. पहिल्या दिवशी दारातूनच परत फिरले. दुसऱ्या दिवशी दारापर्यंत जाऊन पाणपोईचं पाणी पिऊन परत आले. मी कोण, आणि कुठल्या हक्कानं विचारायचं? तिसऱ्या दिवशी आत गेले. तिथल्या मॅडम साधारण आईच्या वयाच्या होत्या, काचांची ताटली पुढ्यात घेऊन बसलेल्या.

"रिपोर्ट उद्या मिळेल," त्या वर न बघता म्हणाल्या.

"मॅडम, पेशंट माझे चुलते आहेत. मी... मी जनावरांच्या कॉलेजला आहे. मला काच बघायला मिळेल का? नसेल चालत तर राहू द्या."

त्यांनी मान वर केली. "जनावरांच्या? मग तुम्ही कसं काय आणलंत यांना?"

मी बाटलीची गोष्ट सांगितली. मोहरी-तुरीपाशी आल्यावर त्या हसायला लागल्या, इतक्या की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं. "अहो, मी आयुष्यभर लघवी बघतेय, पण ती माणसाची आहे की नाही हे तपासायची वेळ माझ्यावर कधी आली नाही!" त्यांनी खुर्ची ओढली. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला दोघांनी एकदम बघायची सोय होती. "या. पण मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं."

मी डोळा लावला. गुलाबी आणि जांभळं जग. पाण्यातल्या शेवाळासारखी बोटं पसरली होती, प्रत्येक बोटाच्या मधोमध एक नाजूक रक्तवाहिनी आणि तिच्याभोवती अस्तराच्या पेशींचे थर.

"बोटांसारखी वाढ आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"पेशी?"

"थर नेहमीपेक्षा जास्त. पण... रांगेत आहेत. केंद्रकं थोडी मोठी. एकमेकींसारखीच दिसतायत. विभागणाऱ्या पेशी क्वचित."

"म्हणजे?"

"कमी बिघडलेल्या. लो ग्रेड?" मी शेवटी प्रश्नचिन्ह लावलं.

"आता खोली बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः शोधा."

मी काच हळूहळू सरकवली. बोटांच्या बुडाशी आले. अस्तराखालची रेघ शोधली, तिच्यावरून एकेक पाऊल टाकत गेले. कुठं तुटलीय का? कुठं एखादा घोस खाली घसरलाय का? रेघ अखंड होती. दुसरी काच लावली. त्यात स्नायूचे जाड गुलाबी जुडगे होते. मी त्यातल्या प्रत्येक फटीत शिरून पाहिलं. कुठंच काही नव्हतं.

"स्नायू आलाय," मी म्हणाले. "मोकळा आहे. मॅडम, मोकळा आहे!"

"ओरडू नका, बाहेर पेशंट आहेत," त्या म्हणाल्या, पण त्यांनाही बरं वाटलेलं दिसत होतं. मग त्यांनी मला उलट विचारलं, जनावरांत कसं करता? मी सांगितलं, कुत्र्यात बहुतेक खोल गेलेलीच सापडते. गाईंत, डोंगराळ भागात एक प्रकारचा नेचा खाणाऱ्या गाईंना मूत्राशयात गाठी होतात आणि त्या लाल मुततात. त्यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी कागदावर लिहून घेतलं. मी सांगितलेलं एखाद्या डॉक्टरनं लिहून घेतलं! "गाईला नेचा आणि माणसाला बिडी," त्या म्हणाल्या. "दोन्हीचं विष शेवटी त्या पिशवीतच येऊन थांबतं."

निघताना त्यांनी बोट वर केलं. "रिपोर्ट उद्या डॉक्टर सांगतील. तोपर्यंत पेशंटला एक शब्द नाही. अजून दोन काचा बघायच्यात माझ्या."

बांधावर त्या संध्याकाळी जे झालं त्यानंतर हे मला वेगळं सांगायची गरज नव्हती. मी दवाखान्यात परत गेले, तात्यांच्या खाटेशेजारी बसले आणि केळं सोलून त्यांना दिलं. मग आणखी एक सोललं. मोठीआई माझ्याकडं बघत होती.

"काय कळलंय तुला?"

"काही नाही."

"तुजं त्वांड सांगतंय की."

"मोठीआई, उद्या."

"बरं," ती म्हणाली आणि तिसरं केळं माझ्या हातातून काढून घेतलं. "पर आता केळी सोलू नको, त्यायचं पोट फुगलं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून सांगितलं. पेशी कमी बिघडलेल्या, गाठ वरवरची, स्नायू मोकळा. पिशवी काढायची गरज नाही. मोठीआईनं पदर डोळ्याला लावला. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "तरोटा?"

"तरोटा," मी म्हणाले. डॉक्टर गोंधळून आमच्याकडं बघत राहिले.

मग त्यांनी दुसरी बाजू सांगितली. ही जात जिवाला कमी धोक्याची, पण चिवट. अस्तरावर परत दुसरीकडं उगवते. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून बघायचं आणि त्यानंतरही ठरल्या वेळेला येत राहायचं, काही वर्षं. मधे लाल दिसली तर त्याच दिवशी. आणि बिडी बंद, आजपासून.

"तीन महिन्यांनी म्हंजी संक्रांतीच्या आसपास," तात्या म्हणाले. "तवा मेंढरं गंगथडीला आस्त्यात."

"ते तुम्ही बघा," डॉक्टर म्हणाले. "पण यायचं."

एसटी स्टँडवर आम्ही तिघं बाकावर बसलो. गाडीला वेळ होता. मला राहून राहून भीती वाटत होती. तात्या मान डोलावतील, दिवाळीनंतर निघतील आणि गंगथडीला एखाद्या रानात संक्रांत कधी आली आणि गेली हे त्यांच्या ध्यानातही राहणार नाही. लाल दिसली नाही तर नाहीच येणार. मी मनात वाक्यं जुळवत होते. मोठीआई उघडच भांडायच्या तयारीत होती.

तात्यांनी सवयीनं खिशात हात घातला, मग रिकामाच बाहेर काढला. समोरून बीडजवळच्या पालीकडं जाणारी गाडी लागत होती. ते तिच्याकडं बघत राहिले.

"पालीला धरणाच्या कडंनं पानी आस्तंय," ते म्हणाले. "त्या अंगाला माजा एक जुना सोबती हाय. औंदा खांड तिकडंच न्यावी म्हन्तो."

"पालीला?" मोठीआई म्हणाली. "तितं चारा पुरंल व्हय येवढ्या मेंढरायला?"

"न्हाई पुरायचा."

"मंग?"

"मंग काय, थोडं हिकडं थोडं तिकडं फिरवीन. मेंढरायला पाय हायती. दवाखान्याला न्हाईत." ते माझ्याकडं वळले. "तितून बीडला यायला किती येळ लागतोय गं?"

"लई न्हाई, तात्या. गाड्या सारख्या असतात."

"मंग संक्रांतीच्या आदी कुटला वार येतोय ते बघून ठिव. आन तू बी येशील का? ते काचंत बघायला?"

मी मोबाइल काढून कॅलेंडर उघडलं. घाईत दोनदा चुकीचाच महिना उघडला.